नामं तीन, पाच की आठ? आजी, सून आणि नातीची वही

पत्र:

ताई, मी परळला राहते. महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवून निवृत्त झाले. नात सहावीत आहे, इंग्रजी माध्यमात, आणि तिचा संध्याकाळचा अभ्यास मी घेते. मी तिला सांगितलं की नामं तीन प्रकारची: सामान्य, विशेष आणि भाववाचक. तिच्या पुस्तकात पाच आहेत. सुनेनं नेटवर पाहिलं, तर तिथे आठ निघाले. घटक चाचणीत ‘द फर्निचर वॉज ओल्ड’ या वाक्यातलं फर्निचर कोणत्या प्रकारचं नाम, असा प्रश्न आला. खुर्च्या, टेबलं, कपाटं मिळून फर्निचर होतं, म्हणून मी तिला ते समूहवाचक, म्हणजे ‘कलेक्टिव्ह’, असं शिकवलं होतं. तिचा मार्क गेला. बाईंनी तिथे ‘कॉमन’ लिहिलं आहे. पुढे तिनं ‘द टीम आर वेअरिंग देअर न्यू कॅप्स’ असं लिहिलं, त्यावरही फुली आली आणि ‘आर’च्या जागी ‘इज’ केलं. आता सून म्हणते, ‘आई, तुम्ही मराठी व्याकरण मध्ये आणू नका, तिचा गोंधळ होतो.’ शिवाय प्राण्यापक्ष्यांच्या समूहांच्या नावांची लांबलचक यादी पाठ करायला दिली आहे. शिवडीला येतात त्या फ्लेमिंगोंच्या थव्याला म्हणे ‘फ्लॅम्बॉयन्स’ म्हणायचं! आणि निबंधात नातीनं ‘मुंबई इंडियन्स हॅव वन’ लिहिलं, ते सुनेनं ‘हॅज’ केलं, त्यावरून वेगळाच वाद. मी शिकवणं सोडून द्यावं का?

– एक आजी, परळ

उत्तर:

बाई, शिकवणं अजिबात सोडू नका. फर्निचरच्या बाबतीत तुम्हाला माघार घ्यावी लागेल, टीमच्या बाबतीत तुमची नात बरोबर आहे, आणि सूनबाईंचं म्हणणंही अर्धं ऐकण्यासारखं आहे. पण या सगळ्याच्या मुळाशी तीन, पाच आणि आठचा घोळ आहे. तो आधी सोडवू.

तुम्ही शिकवलेली तीन नामं आणि नातीच्या पुस्तकातली पाच नामं यांत भांडण नाही. मराठी व्याकरण आधी विचारतं की हे नाव वस्तूचं, प्राण्याचं, म्हणजे ज्याच्या अंगी गुणधर्म असतो अशा कशाचं आहे, की त्या गुणधर्माचंच आहे? पहिलं धर्मिवाचक, दुसरं धर्मवाचक, म्हणजेच भाववाचक. मग धर्मिवाचकाचे दोन भाग पडतात, सामान्य आणि विशेष. दूध, सोनं, पाणी ही पदार्थांची नावं आणि कळप, जमाव, सैन्य ही समूहांची नावं, दोन्ही आपण सामान्यनामाच्या पोटात ठेवतो. इंग्रजी शाळेतल्या पुस्तकानं तेच दोन पोटभाग बाहेर काढून वेगळे मांडले आणि त्यांना मटेरियल व कलेक्टिव्ह अशी नावं दिली. तीनाचे पाच झाले ते असे. सूनबाईंना सापडलेल्या आठात त्याशिवाय मोजता येणारी, न येणारी आणि डोळ्यांना दिसणारी-हाताला लागणारी (म्हणजे ‘काँक्रीट’) असे आणखी तीन मिळवलेले असणार.

बाजूच्या बाकावरच्या मुलीच्या वहीत सहा प्रकार सापडले तरी घाबरू नका. ही मोजणी फार जुनी आहे आणि ती कधीच एका आकड्यावर थांबलेली नाही. डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावर जे ग्रीक व्याकरण आहे, त्यात नामांचे वीसहून जास्त प्रकार दिले आहेत. त्यांत एक आपलं समूहवाचकही आहे: एकवचनात राहून अनेकांचा बोध करून देणारं नाम. त्याची उदाहरणं कोणती, तर लोकसमुदाय, गायकवृंद, जमाव. दोन हजार वर्षांनंतर आपण मुलांना साधारण तीच देतो! त्याच व्याकरणात विशेषणंसुद्धा नामांतच धरली होती, आणि पुढे इंग्रजी व्याकरणांनीही कित्येक शतकं विशेषणाला नामाचाच एक भाग मानलं. तेव्हा पाच हा आकडा पवित्र नाही. सातवीत पुस्तक बदललं की तोही बदलू शकेल.

खरी अडचण आकड्याची नाहीच. अडचण अशी की हे पाच प्रकार एका प्रश्नाची पाच उत्तरं नाहीत, ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. परळमधल्या एखाद्या बाईंची नोंद मतदारयादीत एका भागात असते, रेशनकार्डावर दुसऱ्या गटात आणि पेन्शनच्या कागदांवर तिसऱ्याच वर्गात. तिन्ही नोंदी खऱ्या, बाई एकच. नामाचंही तसंच आहे. हे नाव एका विशिष्ट व्यक्तीचं की सगळ्या जातीचं, हा एक प्रश्न. ते मोजता येतं का, हा दुसरा. हाताला लागतं की नुसतं मनाला कळतं, हा तिसरा. आणि एकाच शब्दात अनेक जण बसले आहेत का, हा चौथा. ‘टीम’ घ्या. ते सामान्यनाम आहे, मोजता येतं, डोळ्यांना दिसतं आणि समूहवाचकही आहे. मुलीसमोर शब्द ठेवून ‘यांपैकी एकच प्रकार लिही’ म्हटलं की हुशार मूल अडखळणारच, कारण तिला एकाहून जास्त खरी उत्तरं दिसत असतात. तुमची नात अडखळली याचा अर्थ ती विचार करते आहे.

मग या चार प्रश्नांतला महत्त्वाचा कोणता? ज्याच्या उत्तरानं वाक्य बदलतं तो. माझं याबाबतीतलं मत पक्कं आहे. विशेषनाम ओळखलं की इंग्रजीत पहिलं अक्षर मोठं होतं, आणि आधी ‘अ’ किंवा ‘द’ बहुतेक वेळा लागत नाही. मोजता येतं की नाही हे कळलं की ‘अ’ लावायचं का, शेवटी ‘एस’ लावायचा का, ‘मेनी’ म्हणायचं की ‘मच’, क्रियापद एकवचनी की अनेकवचनी, एवढं सगळं ठरतं. समूहवाचक ओळखलं की क्रियापद आणि सर्वनाम ठरतं. उलट ‘मटेरियल’ आणि ‘ॲबस्ट्रॅक्ट’ (म्हणजे भाववाचक) ही नावं बरोबर लिहिल्यानं वाक्यात फारसं काही हलत नाही. ‘मिल्क’ आणि ‘ऑनेस्टी’ पुस्तकात दोन वेगळ्या घरांत राहतात, पण वाक्यात दोघी सारख्याच वागतात: दोघींना ‘एस’ नको, दोघींना ‘मच’ चालतं. म्हणूनच इंग्रजीची आजची मोठी व्याकरणं सामान्यनामांची पहिली वाटणी मोजण्याजोगी आणि न मोजण्याजोगी अशी करतात. नातीला पाच प्रकार परीक्षेपुरते येऊ द्या, पण तुमचा संध्याकाळचा वेळ मोजण्याच्या प्रश्नाला द्या.

आता फर्निचर. खुर्च्या, टेबलं, कपाटं मिळून फर्निचर होतं, हे तुमचं म्हणणं अर्थाच्या दृष्टीनं बिनचूक आहे. व्याकरणात मात्र समूहवाचक नामाकडून आणखी अपेक्षा असतात. एक म्हणजे त्या समूहाचीच मोजणी करता यायला हवी: दोन टीम, तीन कमिट्या, चार फॅमिली. ‘टू फर्निचर्स’ इंग्रजीत होत नाही. या नियमाला अपवाद आहेत. ‘द पब्लिक’, ‘द क्लर्जी’ असे सगळ्या वर्गालाच कवेत घेणारे शब्द सहसा दोन-तीन असे मोजत नाहीत, तरी ते समूहवाचकच. रँडॉल्फ क्वर्क या व्याकरणकाराच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९८५च्या मोठ्या इंग्रजी व्याकरणात त्यांचा वेगळा गट केला आहे: कमिटी, टीम, आर्मी यांसारखे मोजता येणारे समूह एकीकडे, पब्लिकसारखे सरसकट वर्ग दुसरीकडे, आणि जगात एकच असलेले पार्लमेंटसारखे समूह तिसरीकडे. अशा वेळी दुसरी कसोटी लावायची: इंग्लंडमधल्या माणसाला त्याच्यापुढे ‘इज’ आणि ‘आर’ दोन्ही चालतात का? पब्लिकला चालतात. फर्निचरला ‘आर’ तिथेही कोणी लावत नाही. फर्निचर दोन्ही कसोट्यांत नापास होतं. ते मोजता न येणारं सामान्यनाम आहे, आणि उत्तरपत्रिकेतलं ‘कॉमन’ बरोबर आहे.

हे पटवायला इंग्रजीत जायची गरजच नाही. आपण मराठीत हा शब्द घेतला तो त्याच्या स्वभावासकट घेतला. ‘नवं फर्निचर आलं’ असं आपण म्हणतो, ‘दोन फर्निचरं आली’ असं लालबागच्या दुकानातला माणूसही म्हणत नाही. तो म्हणतो, ‘फर्निचरचे चार नग आले.’ इंग्रजीत त्या नगाच्या जागी ‘पीस’ येतो. सामानाचंही तेच. ‘सामान आलं’, पण मोजायचं झालं की जुनी माणसं ‘सामानाचे सहा डाग’ म्हणतात. लगेज, बॅगेज, ज्वेलरी, कटलरी, मशिनरी, इक्विपमेंट हे सगळे शब्द फर्निचरच्या पंगतीतले. आतल्या वस्तू सुट्या सुट्या, पण भाषेनं त्यांना दूध-पाण्यासारखं एकजीव मानलं आहे. डेन्मार्कच्या ओटो येस्पर्सन या भाषाशास्त्रज्ञानं १९२४ साली आलेल्या व्याकरणाच्या तत्त्वांवरच्या आपल्या पुस्तकात मोजता येणारे शब्द आणि असे राशीचे शब्द यांतला भेद नीट मांडला. काही शालेय पुस्तकं फर्निचर समूहवाचकात घालतात हेही खरं आहे, त्यामुळे तुम्ही एकट्याच गोंधळलेल्या नाही. पण हा मार्क सोडून द्या.

टीमच्या वाक्यावर मात्र मी तुमच्या नातीच्या बाजूनं उभी आहे.

‘आर’ आणि ‘देअर’ हा प्रयोग चूक नाही, आणि नवाही नाही. लिंडली मरे या व्याकरणकाराचं १७९५ साली छापलेलं इंग्रजी व्याकरण पुढे कितीतरी वर्षं शाळाशाळांतून चाललं. त्यात या नामांना बहुत्वाची नामं म्हटलं आहे, आणि नियम असा दिला आहे की क्रियापद एकवचनी ठेवा किंवा अनेकवचनी, पण मनात एकपणा आहे की अनेकपणा ते पाहून ठेवा. अमेरिकेत आज जवळजवळ सगळीकडे एकवचन करतात. इंग्लंडमध्ये दोन्ही चालतं. आपल्या शाळांत सहसा एकवचन शिकवतात, आणि सभासद सुटे सुटे वागत असतील तर अनेकवचन चालेल अशी एक ओळ पुस्तकात खाली असते. ती ओळ नातीच्या पुस्तकातही आहे का, ते आधी बघा.

या ‘एकपणा की अनेकपणा’साठी मराठी आईच्या मुलांना एक फार सोपी युक्ती हाताशी आहे. मराठीत समूहवाचकापुढचं क्रियापद एकवचनीच राहतं. ‘जमाव पांगला’, ‘कमिटी नेमली’, ‘पथक आलं’. ‘जमाव पांगले’ म्हटलं की कानाला बोचतं. म्हणून मराठी घरातल्या मुलाला ‘टीम आर’ परकं वाटतं, आणि तुमच्या नातीला ते तसं वाटलं नाही याचं मला कौतुक आहे. पण समूहातले लोक सुटे सुटे झाले हे मराठीलाही सांगावं लागतंच. ते आपण क्रियापदात न सांगता ‘आपापला’ या शब्दानं सांगतो. दहीहंडीचं उदाहरण घ्या. ‘गोविंदा पथक आठव्या थरापर्यंत पोचलं.’ इथे पथक एक आहे, कोणी सुटा नाही. सुटला तर थरच कोसळतील. ‘हंडी फोडून पथक आपापल्या घरी गेलं.’ क्रियापद तेच, एकवचनी, पण ‘आपापल्या’ म्हटल्याबरोबर पथकाची मुलं झाली. एक लालबागला गेला, एक भोईवाड्याला. नातीला सांगा, वाक्य मनात मराठीत म्हणून बघ. त्यात ‘आपापला’ किंवा ‘आपसांत’ सहज बसला, तर इंग्रजीत ‘आर’ आणि ‘देअर’ शोभतं. बसत नसेल तर ‘इज’ आणि ‘इट्स’.

कमिटी १९९० साली स्थापन झाली: ‘आपापली’ कुठे घालणार? म्हणून ‘वॉज’. कमिटीत आपसांत मतभेद झाले: म्हणून इंग्लंडच्या इंग्रजीत ‘वेअर’. टीमनं सामना जिंकला: एक टीम, एक विजय, ‘हॅज’. टीमनं आपापल्या नव्या टोप्या घातल्या आहेत: प्रत्येकाच्या डोक्यावर आपली टोपी, म्हणून ‘आर’ आणि ‘देअर’. तुमच्या नातीचं वाक्य नेमकं हेच आहे. त्यातलं ‘आर’ खोडून ‘इज’ केलं आणि ‘देअर’ तसंच ठेवलं, तर एकाच वाक्यात टीम आधी एक आणि मग अनेक होते. लेखी परीक्षेत ही सरमिसळ टाळायला शिकवा: एकदा एकवचन धरलं की शेवटपर्यंत एकवचन.

सूनबाई म्हणतात मराठी मध्ये आणू नका. मी म्हणेन, आणा. ‘आपापला’ची ही युक्ती ज्या घरात मराठी बोललं जातं त्या घरातल्या मुलालाच वापरता येते.

पण सूनबाईंची शंका पूर्ण खोटीही नाही. काही शब्द मराठीत एक वागतात आणि इंग्रजीत भलतंच, आणि मुलं तिथेच फसतात. सगळ्यांत मोठा ‘पोलीस’. मराठीत एक पोलीस आला, दोन पोलीस आले. इंग्रजीत ‘अ पोलीस’ होत नाही. एकटा असेल तर ऑफिसर किंवा कॉन्स्टेबल म्हणायचं, आणि ‘द पोलीस’ म्हटलं की नेहमी ‘आर’, अमेरिकेतसुद्धा. इथे आपापला-बिपापला काही बघायचं नाही. ‘कॅटल’ आणि ‘पीपल’ही तसेच: रूप एकवचनासारखं, वागणं कायम अनेकवचनी. ‘स्टाफ’चं उलटं झालं आहे. ‘आज शाखेत तीनच स्टाफ आहेत’ असं मुंबईत सर्रास ऐकू येतं, पण इंग्रजीत बहुतेकदा तीन स्टाफ मेंबर्स होतात. केस गळतात ते मराठीत अनेक, इंग्रजीत डोक्यावरचे सगळे केस मिळून ‘हेअर इज’, आणि आमटीत एक सापडला तर तो मात्र ‘अ हेअर’. बातम्या मराठीत अनेक, ‘न्यूज’ इंग्रजीत एक, शेवटी ‘एस’ दिसत असला तरी. सल्ला मराठीत एक देता येतो, दहा देता येतात, इंग्रजीत ‘ॲडव्हाइसेस’ लिहिलं की फुली. ‘माहिती’ला मात्र दोन्ही भाषांत अनेकवचन नाही, तेव्हा ‘इन्फर्मेशन’ शिकवताना तिचा हात धरा. हे शब्द एका पानावर लिहून त्यासमोर एकेक वाक्य लिहिलं, तर प्रकारांच्या तक्त्यापेक्षा तेच जास्त कामाचं पान होईल.

यादीबद्दल मला थोडा राग आहे, तो सांगून टाकते. कावळ्यांच्या थव्याला ‘मर्डर’, चंडोलांच्या थव्याला ‘एक्झाल्टेशन’ अशा याद्या मुलांना पाठ करायला लावतात, जणू ते इंग्रजीचं व्याकरणच आहे. यांतल्या बऱ्याच नावांचा उगम शिकारीच्या हौसेत आहे. १४८६ साली इंग्लंडमध्ये ‘बुक ऑफ सेंट ऑल्बन्स’ नावाचं पुस्तक छापलं गेलं. ससाणे पाळणं, शिकार आणि सरदार घराण्यांची मानचिन्हं हे त्याचे विषय. त्यात समूहांच्या नावांची दीडशेहून मोठी यादी आहे. खानदानी माणसानं शिकारीवर असताना कोणत्या प्राण्याच्या घोळक्याला काय म्हणावं, हे ठाऊक असणं प्रतिष्ठेचं मानत. त्याच यादीत माणसांच्या धंद्यांवर आणि स्वभावावर थट्टेनं केलेली नावंही आहेत, म्हणजे तेव्हाही ती निम्मी करमणूकच होती. त्यांतलं सिंहांचं ‘प्राइड’ आज खरोखर वापरात आहे, साळुंक्यांच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या आकाशातल्या झुंडीला ‘मर्मरेशन’ म्हणतात, बदकांच्या जातीतल्या गीज पक्ष्यांचा ‘गॅगल’ही टिकला. बाकी कितीतरी फक्त याद्यांत राहिली. पक्ष्यांचा अभ्यास करणारा माणूस कावळ्यांची नोंद करताना ‘फ्लॉक’ लिहितो. शिवडीच्या चिखलावर थंडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांनाही ‘फ्लॉक ऑफ फ्लेमिंगोज’ म्हटलं तर ते शंभर टक्के बरोबर इंग्रजी आहे. यादीत ‘फ्लॅम्बॉयन्स’ मागितलं असेल तर चाचणीपुरतं लिहू द्या आणि पुढे जा.

रोजच्या लिहिण्यात लागणारे शब्द थोडेच आहेत: फ्लॉक, हर्ड, स्वॉर्म, पॅक, बंच, बंडल, क्रू, फ्लीट, गँग, क्राउड, ज्युरी, आर्मी, सेट आणि असेच आणखी काही. ‘अ बंच ऑफ कीज’मध्ये समूहवाचक नाम ‘बंच’ आहे, ‘कीज’ नव्हे. मुलं दोन्हींखाली रेघ मारतात आणि मार्क घालवतात. म्हणून क्रियापदही बंचकडे बघून: ‘अ बंच ऑफ कीज वॉज फाउंड’. एक अपवाद लक्षात असू द्या. ‘अ नंबर ऑफ’ म्हणजे बरेचसे, म्हणून ‘आर’. ‘द नंबर ऑफ’ म्हणजे तो आकडा, म्हणून ‘इज’.

यादीच पाठ करायची तर एक तुमचीही करून घ्या. भाकरींची चवड, मडक्यांची उतरंड, लाकडांची मोळी, पोत्यांची थप्पी, धान्याची रास, पिकायला घातलेल्या आंब्यांची अढी, फुलझाडांचा ताटवा, बांबूंचं बेट, मेथीची जुडी, किल्ल्यांचा जुडगा. मराठीचे हे शब्द वस्तू कशी रचली आहे ते बघून होतात. सपाट वस्तू एकावर एक ठेवल्या तर चवड, मोठ्यावर लहान भांडं चढत गेलं तर उतरंड, दोरीनं बांधलं तर मोळी. जुडी तिला भाजीवाल्याकडे दिसेल, थप्पी मशीद बंदरच्या गोदामांपाशी दिसेल. उतरंड आणि अढी मात्र मुंबईतल्या मुलीला कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही. ते सांगणारं माणूस तिच्या घरात आहे, आणि सूनबाईंनी याकडे अभ्यासातला अडथळा म्हणून बघू नये असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट तुम्ही वर्गात कितीतरी वेळा शिकवली असेल, ती इथे उपयोगी आहे. ‘आमची चिमणी यंदा दहावीला बसली’ यात चिमणी सामान्यनाम राहत नाही, ते मुलीचं नाव होतं. ‘आमच्या चाळीत तीन सावंत आहेत’ यात विशेषनाम सामान्यासारखं वागतं. शब्द तोच, वाक्यानं त्याचं काम बदललं. इंग्रजीत ‘युथ’ हा एक शब्द घेऊन हेच करून दाखवा. तारुण्य या अर्थी तो भाववाचक, ‘अ युथ’ म्हटलं तर एक तरुण मुलगा, म्हणजे सामान्य, आणि ‘द युथ ऑफ द कंट्री’ म्हटलं की देशातली तरुण पिढी, समूहवाचक. ‘आयर्न’ही तसाच: धातू असेल तर मटेरियल, इस्त्री असेल तर कॉमन. नात जेव्हा विचारेल ‘आजी, अमुक शब्द कोणतं नाम?’ तेव्हा तुम्ही उलट विचारा, ‘कोणत्या वाक्यात?’ सवय एवढी एकच लागली तरी वर्षभराचं काम झालं.

शाळेत जायचं का? जा, पण मार्क मागायला नको. वर्गशिक्षिकांपुढे पेपरांचा गठ्ठा असतो आणि त्यांना उत्तरसूचीप्रमाणे तपासावं लागतं. पालकभेटीच्या दिवशी सूनबाईंनाच पाठवा. वही पुढे ठेवून एवढंच विचारायला सांगा की सभासद वेगवेगळे वागत असतील तेव्हा पुस्तकातल्या नियमाप्रमाणे ‘आर’ चालेल का, की परीक्षेत नेहमी एकवचनच लिहायचं? उत्तर काहीही आलं तरी वर्षभर तेच पाळा. आणि नातीसमोर ‘तुझ्या बाई चुकल्या’ असं कोणी म्हणू नका, तुम्हीही नाही आणि सूनबाईही नाहीत. तुम्ही स्वतः शिक्षिका होतात, घरात असं बोलल्यानं वर्गात काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

सूनबाईंशी बोलताना फर्निचरपासून सुरुवात करा. ‘तिथे माझं चुकलं’ म्हणा आणि मग ‘आपापला’ची गोष्ट त्यांना करून दाखवा. त्या स्वतः मराठी माध्यमातून शिकल्या असतील, तर इंग्रजीच्या तासाला त्यांनीही ‘टीम इज’, ‘टीम आर’ असं चाचपडलं असेल. कामाची वाटणीही करता येईल. शाळेच्या पुस्तकातल्या व्याख्या आणि चाचणीची तयारी त्यांच्याकडे, वाक्यं आणि बोलणं तुमच्याकडे. मुलीला दोन वेगळी उत्तरं दोघींकडून मिळाली तर त्या दिवशीचा वाद तिच्यासमोर न करता वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि ती झोपल्यावर दोघी बसा.

राहता राहिलं ‘मुंबई इंडियन्स’. नातीनं लिहिलेलं ‘हॅव’ बरोबर आहे, सूनबाईंना ते परत लिहायला सांगा. संघाच्या नावाचं रूपच अनेकवचनी असेल तर अमेरिकेतही तिथे अनेकवचनी क्रियापद येतं. देशाच्या नावाचं थोडं वेगळं आहे. मैदानावरच्या संघाबद्दल बोलताना इंग्लंडच्या आणि आपल्याकडच्या समालोचनात ‘इंडिया हॅव वन द टॉस’ म्हणतात, अमेरिकी इंग्रजीत तिथे ‘हॅज’ येईल. पण देश म्हणून इंडियानं करार केला, तर सगळीकडे ‘इंडिया हॅज साइन्ड’. निबंध क्रिकेटवर आहे, तेव्हा तिनं ‘इंडिया हॅव’ लिहिलं असेल तर तेही तसंच राहू द्या, फक्त पुढच्या ओळीत ‘इट्स’ आलं नाही ना, ते बघा.